चौथी संपली, आता हायस्कूल: पाचवीत जाणाऱ्या मुलाची तयारी मे महिन्यातच काय काय करून घ्यावी?

सड्यावरची (११ मे, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यात, सड्यावरच्या एका वाडीत राहतो. माझा मुलगा यंदा चौथी पास झाला. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे. शाळेचा पट अकरा, शिक्षक दोन, आणि त्याच्या वर्गात त्याला धरून तिघं जण. घंटा ऐकली की घरातून धावत सुटायचा आणि प्रार्थनेला वेळेत पोचायचा. ताप आला तर बाई घरी येऊन बघून जायच्या.

आता जूनच्या मध्यापासून त्याला सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला जायचंय. पाचवी ते दहावीची मुलं, एकेका वर्गात पन्नासच्या आसपास. एसटीने जायचं, एसटीने यायचं. त्याचे बाबा मुंबईला कामाला असतात, घरी मी आणि सासूबाई. परवा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाला, "आई, माका थंय जावचा नाय. थंय मोठे झील आसत." मी त्याला जवळ घेतलं, पण काय बोलावं ते मला सुचलं नाही.

नातेवाईक म्हणतात, तालुक्याला सुट्टीतले क्लास चालतात, गणित आणि इंग्रजीचा घाल. घालू का? की दुसरं काही करायला हवं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

तांडेल (११ मे, रात्री १०.१५)

ताई, क्लासचं मला कळत नाही. पण माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी पाचवीला गेली तेव्हा एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. जून-जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे मी घरात. पहिले पंधरा दिवस मी रोज तिच्यासोबत थांब्यापर्यंत गेलो, आठवडाभर गाडीतही बसलो, नंतर नुसता थांब्यावर, नंतर घराच्या बेड्यापर्यंत. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात जाईपर्यंत ती एकटी जायला लागली होती. दर्यावर असतो तर हे जमलं नसतं. तुमच्याकडे तिचे बाबा नाहीत तर आजी, मामा, शेजारचा नववीतला मुलगा, कुणीतरी एक माणूस पहिल्या पंधरवड्यासाठी आताच ठरवून ठेवा.

तांडेल (११ मे, रात्री १०.१८)

वर "तिचे बाबा" लिहिलंय ते "त्याचे बाबा" वाचा. माझी मुलगी डोक्यात होती.

पाचवी_अ_वर्गशिक्षिका (१२ मे, सकाळी ७.०५)

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका हायस्कूलमध्ये चौदा वर्षं शिकवते, त्यातली नऊ वर्षं पाचवीचा वर्ग माझ्याकडे आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

क्लासला घालू नका. सुट्टी आहे, आंबा आहे, नदीवर जाऊ दे. पाचवीचा अभ्यास चौथीपेक्षा फार वेगळा नाही. मराठी, इंग्रजी, गणित आहेतच, परिसर अभ्यासाचे दोन भाग आहेत, आणि आमच्याकडे हिंदी पाचवीत नव्याने सुरू होते. विज्ञान, इतिहास, भूगोल असे स्वतंत्र विषय सहावीत येतात. अभ्यासाने घाबरलेलं मूल मला जूनमध्ये क्वचित दिसतं.

मुलं अडतात ती भलत्याच ठिकाणी. चौथीपर्यंत दिवसभर एकच बाई असतात. त्यांना पोराचा चेहरा बघून कळतं की याला लघवीला जायचंय, याने डबा खाल्लेला नाही. आमच्याकडे पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते, एक शिक्षक जातात, दुसरे येतात. दिवसात सहा-सात चेहरे. घंटा झाली की कुठली वही आत ठेवायची, कुठलं पुस्तक बाहेर काढायचं, हे मुलाला समजेपर्यंत सर फळ्यावर निम्मं लिहून मोकळे. मग ते मूल शेजाऱ्याचं बघून लिहितं, मागे पडतं, आणि घरी येऊन सांगतं, "मला गणित येत नाही." गणित त्याला येत असतं. त्याला वही सापडलेली नसते.

दुसरं, पाणी आणि स्वच्छतागृह. पहिल्या आठवड्यात मी सुटायच्या वेळी बाटल्या हातात घेऊन बघते. कितीतरी बाटल्या सकाळी भरल्या तशाच असतात. मुलं पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं तर लघवीला लागेल, आणि ती कुठे आहे हे माहीत नाही, किंवा तिथे मोठी मुलं उभी असतात, किंवा तासात विचारायची भीती वाटते. मुलींचं तर दुपारपर्यंत पोट दुखायला लागतं. म्हणून माझी प्रत्येक पालकाला विनंती असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रवेशाच्या कामाला याल तेव्हा मुलाला घेऊन या. वर्ग दाखवा, नळ दाखवा, मुतारी दाखवा, ऑफिस कुठे ते दाखवा. आणि घरी एक वाक्य मोठ्याने म्हणायला शिकवा: "सर, जाऊन येऊ?" दहा वेळा म्हणून घ्या. हसू येईल, येऊ दे. वर्गात ते वाक्य तोंडातून सहज बाहेर पडलं पाहिजे.

असंच दुसरं वाक्य: "बाई, मला समजलं नाही."

वह्यांचं सांगते. विषयाप्रमाणे कव्हरांचे रंग ठरवा. आमच्या वर्गातल्या एका आईने गणिताला पिवळं, हिंदीला लाल, असं केलं होतं. तो मुलगा घंटा झाली की दप्तरात न बघता हात घालायचा आणि बरोबर वही काढायचा. मे महिन्यात रोज रात्री खोटं वेळापत्रक लावून त्याला दप्तर भरायला द्या. तुम्ही भरू नका. चुकलं तरी बोलू नका, सकाळी त्यालाच परत बघायला सांगा.

सड्यावरची (१२ मे, दुपारी १.२०)

बाई, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शाळेत तो कधीच विचारून बाहेर जात नव्हता, सरळ उठून जायचा, शाळेच्या मागेच आमचं कलमांचं आवार आहे. हा विचार माझ्या मनातच आला नव्हता.

रेवदंड्याचा (१२ मे, दुपारी ३.५०)

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मुळात पाचवीत हायस्कूल कशाला? शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंतचं शिक्षण प्राथमिक धरलंय, आणि महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. तुमच्या जवळपास सातवीपर्यंतची पूर्ण प्राथमिक शाळा असेल तर तिथे घाला. दहा वर्षांच्या पोराला रोज बारा किलोमीटर एसटीने फिरवण्यापेक्षा ते बरं. माझी दोन्ही मुलं सातवीपर्यंत जिल्हा परिषदेत होती, आठवीत हायस्कूलला गेली, आणि तोवर त्यांना अंग आणि अक्कल दोन्ही आली होती.

पाचवी_अ_वर्गशिक्षिका (१२ मे, संध्याकाळी ६.३०)

रेवदंड्याचा, तुमचं म्हणणं मला पटतं. जवळ चांगली पूर्ण प्राथमिक असेल, वर्गाला शिक्षक असतील, तर मीही तेच सांगेन.

सड्यावरची (१२ मे, रात्री ९.००)

आहे एक, अडीच किलोमीटरवर. पण वाटेत व्हाळ लागतो आणि त्यावरचा साकव पावसात पाण्याखाली जातो. जुलैत चार-पाच दिवस तरी पलीकडचं कुणी अलीकडे येत नाही. हायस्कूलला जायला निदान डांबरी रस्ता आहे. शिवाय त्याच्या वर्गातला दुसरा मुलगा हायस्कूललाच चाललाय. म्हणून आम्ही हेच ठरवलं.

रेवदंड्याचा (१२ मे, रात्री ९.१०)

साकव बुडतो म्हटल्यावर माझं म्हणणं मागे घेतो. एसटीच बरी.

रिटायर_वाहक (१३ मे, सकाळी ११.००)

एकतीस वर्षं कोकणातल्या गाड्यांवर काढली. शाळेची मुलं माझ्या गाडीत लहानाची मोठी झाली, त्यातली काही आज डॉक्टर आहेत. एसटीबद्दल एवढं सांगतो.

मुलगी असेल तर पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट. मुलगा असेल तर मासिक पासाला ६६.६६ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. अर्ज शाळेतून होतो, शाळेचा शिक्का लागतो. अलीकडे पास शाळेत आणून देण्याची पद्धतही सुरू झालीये, तरी पहिल्या दिवसांत तिकिटाचे सुटे पैसे पोराच्या खिशात असू द्या. पास लागलीच हातात पडत नाही.

पासाला प्लास्टिकचं पाकीट आणि दोरी. गळ्यात अडकवून शर्टाच्या आत. खिशातला पास जून संपायच्या आत भिजून लगदा होतो, हे मी दर साली बघितलंय.

आता महत्त्वाचं. गाडी आलीच नाही तर काय करायचं, हे पोराला घरातून सांगून पाठवा. पावसात झाड पडतं, दरड येते, गाडी घाटात अडकते. तेव्हा थांब्यावर उभं राहून रडणारं पोर मी पाहिलंय, आणि कुणाच्याही दुचाकीवर बसून जाणारंही पाहिलंय. दुसरं जास्त वाईट. एक घर किंवा एक दुकान ठरवा थांब्याजवळ. "गाडी अर्धा तास आली नाही तर काकांच्या दुकानात जाऊन बसायचं, तिथून आईला फोन करायचा, आपण होऊन चालत सुटायचं नाही." त्या दुकानदाराला तुम्ही आधी जाऊन भेटा. घरचा नंबर पोराला तोंडपाठ पाहिजे. मोबाईलमध्ये साठवलेला नंबर पोराच्या काय कामाचा? आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबरही पाठ करून घ्या.

चढताना छत्री मिटून मग पायरीवर पाय. उतरल्यावर गाडी पुढे जाईपर्यंत रस्ता ओलांडायचा नाही. एवढी दोन वाक्यं रोज म्हणा.

सड्यावरची (१३ मे, दुपारी २.१५)

काका, थांब्याजवळ गिरण आहे. गिरणवाले ओळखीचे आहेत. आजच जाऊन बोलते.

दापोलीचे_गुरुजी (१३ मे, रात्री ८.३०)

मुलगा "मोठे झील आसत" म्हणाला, ते माझ्या मनात राहिलं. अंगाने लहान असलेल्या मुलाला हायस्कूलचं मैदान फार मोठं वाटतं. आमच्या मुरुडचे महर्षी कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी कोकणातून चालत साताऱ्याला गेले, आणि वय भरत असूनही "लहान दिसतो" म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. तसेच परत आले. मी ही गोष्ट माझ्या वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलाला मुद्दाम सांगत असे. त्याला काय वाटायचं ते त्याने कधी सांगितलं नाही, पण गोष्ट परत परत मागायचा.

आता कामाचं. प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला हातात येईल. तो घरी नेऊन कपाटात ठेवू नका, तिथेच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव, जन्मतारीख, आणि हे सगळं आधारशी अक्षराला अक्षर जुळतं का ते बघा. चूक असेल तर जुन्या शाळेत, जनरल रजिस्टर समोर असतानाच दुरुस्तीचं बोला. पुढे दहावीच्या तोंडावर एका वेलांटीसाठी पालकांना हेलपाटे घालताना मी पाहिलं आहे. दाखल्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.

दुसरं, डोळे. चौथीपर्यंत मुलं फळ्यापासून दोन हातांवर बसतात. पन्नासाच्या वर्गात शेवटच्या बाकावरून दिसत नाही, आणि दिसत नाही हे मुलाला कळतही नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, पण त्याची वाट बघू नका. अंगणात उभं करून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावा.

चेंबूरचा_बाबा (१४ मे, रात्री ११.५५)

मीही मुंबईत, घर लांज्याजवळ. गेल्या वर्षी माझा मुलगा पाचवीला गेला. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मी विचारायचो, "अभ्यास झाला? किती मार्क मिळाले?" तो "हो", "बरे" एवढंच बोलायचा आणि फोन आजीकडे द्यायचा. गणपतीला घरी गेलो तेव्हा आईने सांगितलं, दोन महिने तो डबा तसाच परत आणतोय. शाळेत पोषण आहार मिळतो म्हणून आम्हाला वाटलं तिथे जेवत असेल. तो तिथेही जेवत नव्हता, कारण पंगतीत त्याच्याजवळ कुणी बसत नव्हतं.

तेव्हापासून मी एकच विचारतो, "आज कोणाशेजारी बसून जेवलास?" पहिले काही दिवस "कोणी नाही" यायचं. माझ्या काळजात चर्र व्हायचं, पण मी पुढे काही बोलायचो नाही. मग एक दिवस एका मुलाचं नाव आलं. आता आमचं बोलणं अर्धा तास चालतं. ताई, तुमच्या घरच्यांना हे वाचायला द्या.

मालवणी_लेक (१५ मे, सकाळी १०.२०)

भाषेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी पाचवीत गेले तेव्हा पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "कुठून येतेस?" मी उभी राहून घरात बोलतो तसं उत्तर दिलं आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण गप्पही बसवलं नाही कोणाला. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही.

मुलाला "मालवणी बोलू नको" असं चुकूनही सांगू नका. त्याला वाटेल आपल्या घराचंच काही चुकतंय. त्याला सांगा, घरातली बोली घरातली आहे, पुस्तकातली पुस्तकातली, आणि आपल्याला दोन्ही येतात. मे महिन्यात त्याच्याकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या, आणि मग तीच गोष्ट आजीला मालवणीत सांगायला लावा. माझ्या मुलीशी मी हेच केलं. ती आता दोन्ही भाषांत भांडते.

खाडीकाठची_आई (१५ मे, दुपारी ४.४०)

मुलींच्या आयांसाठी. पाळी आता दहाव्या-अकराव्या वर्षीही येते. म्हणजे पाचवी-सहावीतच. "अजून लहान आहे, सातवीत सांगू" असं करू नका. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी शाळेच्या बाकावर बसून समजले की मला काहीतरी मोठा आजार झालाय, आणि बाक रिकामा होईपर्यंत उठले नाही.

माझ्या मुलीला मी मे महिन्यात, काजूगर सोलत बसलो होतो तेव्हा सांगितलं. हात कामात होते म्हणून तिला माझ्याकडे बघावं लागलं नाही, आणि तिने मोकळेपणाने विचारलं. दप्तरात आतल्या खणात कापडी पिशवीत दोन पॅड, एक जास्तीची निकर, आणि एक कागद. कागदावर कोणत्या बाईंकडे जायचं ते लिहिलं होतं. ती बाई कोण हे आम्ही शाळेत जाऊन आधी ठरवून आलो होतो. मुलग्यांच्या आयांनीही मुलांना सांगायला हरकत नाही, वर्गात कुणाच्या बाबतीत असं झालं तर हसायचं नाही, एवढं तरी.

नवोदयची_वाट (१६ मे, सकाळी ९.१०)

पाचवीतच नवोदयची परीक्षा असते, सहावीत प्रवेश मिळतो. सिंधुदुर्गात सांगेलीला शाळा आहे. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. मुलगा हुशार असेल तर विचार करा.

पाचवी_अ_वर्गशिक्षिका (१६ मे, संध्याकाळी ७.१५)

जरूर बसवा, अर्जाची तारीख तेवढी शाळेत विचारत राहा. मात्र जून-जुलैत त्याचं ओझं घालू नका. मूल आधी वर्गात रुजू दे.

आणखी एक, कारण पालक घाबरून विचारतात. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिला तर पुन्हा परीक्षा घेतली जाते. तिथेही राहिला तरच त्याच वर्गात बसवतात. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. एवढं माहीत असलं की घरात "नापास होशील" ही धमकी द्यायची गरज पडत नाही.

सड्यावरची (८ जून, रात्री ९.३०)

महिनाभर लिहायला जमलं नाही, आंब्याचे दिवस. पण तुम्ही सांगितलेलं बरंच केलं. वह्यांना रंगीत कव्हरं घातली. घरात काजू बी मोजायचा काटा आहे, त्यावर दप्तर टांगून बघितलं. सगळी पुस्तकं घातली तर पावणेचार किलो. केंद्राच्या दप्तर धोरणात पाचवीसाठी अडीच किलोपर्यंत म्हटलंय. वेळापत्रकाप्रमाणे भरलं, पाण्याची बाटली वेगळी हातात दिली, तेव्हा दोन किलो तीनशे झालं. आता तो रोज स्वतःच काट्याला टांगतो आणि सासूबाईंना वजन ओरडून सांगतो.

परवा हायस्कूलला गेलो. शिपाईकाकांनी सगळं फिरवून दाखवलं. दाखल्यावर माझ्या नावात एक काना राहिला होता, गुरुजींमुळे सापडला, दुरुस्त करून घेतला.

गणवेश दोन शिवलेत. एक चुलीवरच्या वळणीवर सुकत राहील, एक अंगावर. मोजे नाहीत, पावसाळी सँडल. दप्तराच्या आत अख्खी एक जाड प्लास्टिकची पिशवी, पुस्तकं तिच्यात.

रिटायर_वाहक (८ जून, रात्री १०.००)

छत्रीवर नाव लिहा. आतून, काडीच्या पट्टीवर.

सड्यावरची (५ जुलै, रात्री ८.४५)

तीन आठवडे झाले. पहिला आठवडा मी गाडीतून गेले. दुसऱ्या आठवड्यात थांब्यापर्यंत. या सोमवारी म्हणाला, "तू गिरणीकडेच ऱ्हव." मी गिरणीजवळ उभी राहिले. गाडीत चढताना छत्री मिटली, मागे वळून बघितलं नाही.

बाटली पहिले चार दिवस भरलेलीच यायची. पाचव्या दिवशी अर्धी. काल रिकामी.

गुरुवारी झाड पडून गाडी आली नाही. गिरणवाल्यांचा फोन आला, "तुझो झील हंय बसलो हा, भाकरी खाता हा." मी चालत जाऊन घेऊन आले.

वर्गात अजून बोलत नाही. घरी "बाई, मला समजलं नाही" छान म्हणतो, तिथे नाही. "कोणाशेजारी जेवलास" याला त्याच वाडीतल्या मुलाचं नाव येतं रोज, दुसरं कोणाचं अजून आलेलं नाही. त्याचे बाबा रोज विचारतात. मंगळवारी पालकसभा आहे, वर्गशिक्षिकांना भेटून त्याला तिसऱ्या बाकावरून पुढे घेता येईल का ते विचारणार आहे. पाटी वाचून बघितली होती गुरुजी, दिसतं त्याला. बाई जवळ असल्या की तो बोलतो, म्हणून.

पाचवी_अ_वर्गशिक्षिका (५ जुलै, रात्री ९.२०)

नक्की विचारा. आणि त्यांना हेही सांगा की घरी तो वाक्य म्हणतो. मला एखाद्या आईने असं सांगितलं तर मी त्याच्या बाकाजवळ जाऊन हळूच विचारेन, वर्गाला ऐकू जाणार नाही असं. मंगळवारी काय झालं ते इथे लिहा.